पूररेषेच्या आत

९ जानेवारी १९७३

आज डॉक्टर स्वतः बाळीवेशीत आमच्या घरी आले. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून ‘ओव्हरसिअरसाहेब आहेत का’ म्हणून कुणी दार वाजवलं नव्हतं. त्यांनी सीनाकाठ सुधार समिती काढली आहे. हिरेगावच्या पुलापासून महादेवाच्या देवळापर्यंत नदीच्या काठानं फिरायची वाट करायची, दोन्ही अंगांना कडुनिंब, बसायला दगडी बाक. गिरणीच्या भोंग्यावर उठणाऱ्या माणसाला रविवारी बायकापोरं घेऊन जायला सोलापूरजवळ एक मोकळी जागा पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. दुष्काळी कामात मजूर मिळणार आहेत, मंजुरी आली आहे. आखणी करून देणारा माणूस तेवढा पाहिजे.

मी नाहीच म्हणणार होतो. उन्हात मोजणीची लेव्हल लावून उभं राहायचं वय गेलं. मग त्यांनी चहाच्या कपबशा सरकवून गावचा नकाशा पसरला. पुलाच्या पलीकडे, ओघळीला लागून पेरूची बाग दाखवली होती.

“ही कुणाची?” मी विचारलं.

“नागप्पाशेटची की. पेंडीचे व्यापारी. मुलासाठी बंगला बांधायलेत तिथं.”

मी हो म्हणालो. डॉक्टरांना वाटलं, नदीच्या हौसेनं म्हणालो.

याच नागप्पाच्या सिद्धारामशी माझ्या दाक्षायणीचा साखरपुडा झाला होता. तारीख धरली होती, मंगल कार्यालय ठरलं होतं. आणि एका सकाळी हा माणूस एकटाच आला, माझ्या ओसरीवर बसला आणि म्हणाला, “पत्रिकेत अडचण निघाली. दोष आमचाच आहे, तुमच्या मुलीत काही कमी नाही.” पाणीसुद्धा न पिता गेला. त्याच वर्षी दिवाळीच्या तोंडावर शांतम्मा गेली. दवाखान्यातले म्हणाले मूत्रपिंडं निकामी झाली, साखर जुनी होती. त्यांना काय कळतंय. ती त्या अपमानानं गेली.

दोन वर्षं मी वाट पाहतोय. आज वाट माझ्याच हातात आली.

१४ जानेवारी

सिद्धेश्वराच्या यात्रेत अक्षतांना गेलो होतो. नंदीध्वजांपुढं हात जोडले तेव्हा मागितलं तेच, जे दोन वर्षं मागतोय.

दाक्षायणी आली नाही. शाळेच्या वह्या तपासायच्या म्हणाली. दुपारी कळलं, ती तिळगूळ घेऊन नागप्पाच्या घरी जाऊन आली.

“काकू चांगल्या आहेत अप्पा,” म्हणाली. “त्यांची नवी सूनपण चांगली आहे.”

मी ताटावरून उठलो. किती सोसते ही पोर. लग्न मोडल्याचा निरोप आला त्या दिवशीसुद्धा नेहमीपेक्षा जास्त जेवली होती आणि भांडी घासताना गुणगुणत होती. मला वाईट वाटू नये म्हणून. तिला वाटतं, मला दिसत नाही.

२८ जानेवारी

हिरेगावला जाऊन आलो. सीनेत थेंब नाही. पात्रात बायका झिरे खणून वाटीवाटीनं पाणी भरत होत्या. पुलाच्या खांबांवर पोरांनी कोळशानं नावं लिहिली आहेत.

पाणी पूर्वी कुठवर चढलं होतं ते विचारलं. देवळाचा गुरव आणि दोनतीन म्हातारी माणसं एकच सांगतात. त्यांच्या आठवणीतला सगळ्यात मोठा पूर नंदीच्या खुरांना लागला, वर नाही. लेव्हल लावून पाहिली. त्या हिशेबानं नागप्पाचं जोतं पुरापासून चांगलं वर राहतं. वाटेला योग्य जागा म्हणाल तर बागेच्या मागनं, माळाच्या कडेकडेनं. तिथं मुरूम आहे, चढ सोपा आहे, ओघळ ओलांडावी लागत नाही.

जोतं पाहिलं. काळ्या घडीव दगडाचं, तोंड नदीकडं. गवंडी म्हणाला, “शेटनी सांगितलंय, पोरांनी सकाळी उठून दारातनं नदी बघितली पाहिजे.”

बघा की.

४ फेब्रुवारी

सकाळपासून नकाशावर बसलो होतो. शेवटी दोन रेषा काढल्या.

पहिली पूररेषा. नंदीच्या खुरांऐवजी देवळाच्या कट्ट्यापर्यंत पाणी आल्याचं लिहिलं. नकाशावर ही रेषा बागेतून वर चढते आणि जोत्याला पोटात घेऊन पुढं जाते. पूररेषेच्या आत घर बांधायला कचेरीतून परवानगी मिळत नाही. मला कोण खोटं पाडणार? नदीत धूळ उडतेय.

दुसरी वाट. माळाकडून काढून ती नदीकाठी आणली, बागेच्या समोरून. मध्ये ओघळ येते, तिथं मोरी बांधून भराव टाकू. बंगला कसाबसा झालाच, तर उद्या सोलापूरची सगळी रिकामी माणसं त्याच्या अंगणासमोरून शेंगा खात, टरफलं टाकत जातील आणि त्याच्या सुनेचं वाळत घातलेलं लुगडं बघतील.

डॉक्टरांना नकाशा दाखवला. फार खूष झाले. “नदीकाठची वाट म्हणजे नदी दिसलीच पाहिजे! माळावरून कशाला फिरायचं?”

चोवीस वर्षांच्या नोकरीत एक इंच खोटा लिहिला नव्हता. आज सबंध रेषा खोटी काढली. खाली सही केली.

२० फेब्रुवारी

समितीची बैठक. नागप्पाला बोलावलं होतं. पांढरा शर्ट, कपाळाला विभूती, हातात टोपी. माझ्याकडं बघून नमस्कार केला. मी नकाशाकडं बघत राहिलो.

“ओ ईश्वरप्पा,” तो म्हणाला, “माझ्या आजानं ते पेरू लावलेत. कट्ट्यापर्यंत पाणी आलेलं त्यानं कधी सांगितलं नाही.”

“आजोबांनी लेव्हल लावली होती का?”

सगळे हसले. त्याचा चेहरा तांबडा झाला. थोडा वेळ टोपी हातात फिरवत बसला. मग हळू म्हणाला, “मला बोलायला लावू नका. मी बोललो तर तुम्हालाच...” आणि थांबला. माझ्याकडं बघितलं, मग दाराकडं बघितलं. “जाऊ द्या. काढा तुमची रेषा.”

ही धमकी होती. काय बोलणार होता? माझ्याविरुद्ध सांगण्यासारखं काही असतं तर चारचौघांत सोडलं असतं का त्यानं? नकाशा एकमतानं मंजूर झाला. डॉक्टरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

१२ मार्च

काम चालू. नदीकाठी माणसंच माणसं. दुपारी सरकारी सुकडीचा खाऊ वाटतात तेव्हा पोरांची ही रांग. सगळ्यांच्या डब्यात त्या अमेरिकेच्या तांबड्या मिलो ज्वारीची भाकरी.

सांगोल्याकडचा एक धनगर आला आहे, धुळाप्पा. मेंढरं सगळी चाऱ्यावाचून मेली. मुलगा महिपती उजनीच्या धरणावर मातीकामाला गेला, म्हातारा आणि सून केराबाई इकडं. केराबाई डोक्यावर घमेलं घेऊन चालते तेव्हा भल्या बाप्याला मागं टाकते. म्हाताऱ्याला खडी फोडणं जमत नाही, पण रिकामा बसत नाही. दगड मेंढरांसारखे हाकावे तसे “हुर्र, हुर्र” करत ढकलतो आणि बायका हसतात.

२ एप्रिल

बागेसमोरचे माझे खुणेचे दगड कुणीतरी उपटून फेकले. पुन्हा लावले, पुन्हा उपटले. दुसरं कोण असणार?

आज ओघळीच्या मोरीजवळ, भरावावरच एक झोपडी उभी करून दिली आणि धुळाप्पाला राखणदार नेमलं. एका बाजूला नदी, मागं ओघळ, मधल्या उंचवट्यावर झोपडी. तिथून नागप्पाचं जोतं सरळ दिसतं. “कोण येतं, कोण जातं, डोळ्यात तेल घालून बघायचं,” मी सांगितलं. म्हाताऱ्यानं काठी आपटून “व्हय सायेब” म्हटलं. पलटणीत भरती झाल्यासारखा ताठ उभा होता.

केराबाई मागं उभी होती. “सायेब, हितं पान्याचं भ्या न्हाय न्हवं?”

“पाणी?” मी म्हणालो. “दाखव बघू कुठं आहे ते.”

ती पदर तोंडाला लावून हसली. मीपण हसलो. कितीतरी दिवसांनी.

९ एप्रिल

धुळाप्पा म्हणतो, दगड गावातली पोरं उपटतात, चुलीला लावायला, खेळायला. त्यानं दोघांना धरून कान पिळले. “शेटचं कुनी येत न्हाय, सायेब. शेट मला परवा पेरू देऊन गेलं.”

पेरू दिला म्हणे. म्हाताऱ्याला गुंडाळतोय. मी सांगितलं, तू तिथंच राहायचं. काम संपलं तरी राहायचं.

२२ एप्रिल

झालं. कचेरीतून नागप्पाला बांधकामाची परवानगी नाकारली, कारण पूररेषा. आज हिरेगावला गेलो तर बैलगाड्या लागल्या होत्या. जोत्याचे दगड एकेक उपटून माळावर न्यायलेत. तिथं नवा पाया खणलाय. नागप्पा स्वतः उन्हात उभा होता, खांद्यावर पंचा टाकून. घडीव दगड गाडीत चढवताना एक निसटला आणि दोन तुकडे झाले. मी बाभळीखाली उभा राहून सगळं बघितलं. पाय दुखले तरी हललो नाही.

येताना जिलबी आणली. आधी शांतम्माच्या फोटोपुढं ठेवली. दाक्षायणीनं हात लावला नाही.

“बास करा की अप्पा आता.”

“कशाचं बास? तुझ्यासाठी करतोय हे सगळं. तुझ्या आईसाठी.”

“अप्पा, मला तुम्हाला एक सांगायचं होतं...” ती म्हणाली, मग फोटोकडं बघितलं. मी म्हणालो, “सांग की.” तर कानडीत “बेडा,” म्हणून आत गेली. नको म्हणजे नको. आईसारखीच आहे, मनातलं ओठावर आणत नाही.

एवढं सगळं झाल्यावर मला शांत झोप यायला हवी होती. जिलबी पण गोड लागली नाही. तुपाची नव्हती बहुतेक.

१० जून

वाटेचं उद्घाटन झालं. भाषणं, हार, शाळेच्या मुलींचं गाणं. माणसं खरंच आली, बसनं, टांग्यानं. एका गिरणीकामगारानं सबंध वाट पोराला खांद्यावर घेऊन पार केली. ते बघून बरं वाटलं, हे खोटं का सांगू.

नागप्पाही आला. पुलापासून देवळापर्यंत चालला, ओघळीजवळच्या बाकावर बसला, धुळाप्पाशी गप्पा मारल्या. याला लाज कशी वाटत नाही?

५ ऑगस्ट

पाऊस बरा आहे. कडुनिंबं लागली. दुष्काळी कामं बंद झाली, मजूर आपापल्या गावी गेले. केराबाई गावातच खुरपणीला जाते, भाड्याच्या खोलीत राहते. धुळाप्पा मोरीवर आहे.

नागप्पाचं माळावरचं घर झालं. वास्तुशांतीला दाक्षायणी जाऊन आली, मी गेलो नाही. मला वाटलं होतं माळावर उन्हानं पोळतील. तर म्हणे वारा छान लागतो. सुनेला दिवस गेलेत, ती तिथंच बाळंत होणार, माहेरी जाणार नाही.

डॉक्टरांकडे नवी सूचना दिली आहे. वाटेवर येणाऱ्यांसाठी सार्वजनिक मुतारी पाहिजे. जागा सुचवली, माळाचा रस्ता जिथं वाटेला मिळतो तिथं. म्हणजे त्याच्या फाटकासमोर.

२६ सप्टेंबर

चार दिवस संततधार. वर नगरकडं फार पडला म्हणतात. सकाळी समितीचा शिपाई सांगत आला, सीना दुथडी भरली. मी, डॉक्टर आणि आणखी काही जण जीपमधून गेलो. पुलाच्या अलीकडेच थांबावं लागलं. पूल नव्हता. म्हणजे होता, पण दिसत नव्हता.

असं पाणी मी जन्मात बघितलं नाही. माळाच्या पायथ्यापर्यंत तांबडा समुद्र. पेरूची झाडं नाहीत, बाक नाहीत, वाट नाही. देवळाचा फक्त कट्ट्यावरचा भाग. डॉक्टरांनी दुर्बीण मला दिली.

“कट्ट्यापर्यंत,” ते म्हणाले. “ईश्वरप्पा, तुम्ही लिहिलं होतं तसं. अगदी कट्ट्यापर्यंत!”

मी दुर्बीण मोरीकडं वळवली. मोरी नव्हती. झोपडी नव्हती. ओघळीतून पाणी मागं फुगलं असणार. म्हणजे आधी मागची वाट बंद झाली असणार.

माळावर नागप्पाचं घर होतं. कोरडं. गच्चीवर माणसं उभी होती.

२७ सप्टेंबर

धुळाप्पा सापडला. खाली बाभळीच्या बनात. काठी हातात नव्हती.

३० सप्टेंबर

नागप्पा आणि सिद्धाराम घरी आले. शाल, नारळ, पेढे. पुराच्या रात्री सुनेला मुलगी झाली. सकाळीच कळा सुरू झाल्या होत्या. सुईण अलीकडून पोचेना, म्हणून गावातल्या म्हाताऱ्या बायांनी सगळं केलं.

नागप्पानं माझ्या खांद्यावर शाल घातली आणि माझे पाय धरले. वयानं तो माझ्यापेक्षा मोठा आहे. मी मागं सरलो तरी सोडेना.

“शिव्या दिल्या हो मी तुम्हाला,” तो रडत म्हणाला. “घरात बसून रोज शिव्या दिल्या. म्हणालो, हा माणूस सूड घ्यायलाय. तुम्ही रेषा काढली नसती तर आज माझं घर नदीत होतं. पोर, सून, पोटातलं लेकरू, सगळं.”

 खांद्यावर शाल घेऊन उभा होतो. दाक्षायणी दारात होती. ती माझ्याकडंच बघत होती.

जाताना चपला घालता घालता तो थांबला. “एक विचारू ईश्वरप्पा? राग मानू नका. पाणी तिथवर येणार हे तुम्हाला ठाऊक होतं. मग त्या म्हाताऱ्याला तिथं खाली का ठेवलंत?”

कपट नव्हतं त्याच्या आवाजात. खरंच कळत नव्हतं त्याला. उत्तराची वाट बघत थोडा वेळ उभा राहिला आणि मग गेला.

माझ्याच नकाशात ती झोपडी पुराच्या आत होती. आजपर्यंत मी ते एकदाही बघितलं नव्हतं. रेषा काढली ती नागप्पासाठी. बाकी कुणाला ती लागू आहे असं मला कधी वाटलंच नाही.

२ ऑक्टोबर

शाळेला सुट्टी. दाक्षायणी माझ्यापुढं येऊन बसली आणि एका दमात म्हणाली, “अप्पा, लग्न मी मोडलं.”

गड्ड्याच्या जत्रेतल्या गर्दीत, पाळण्यांजवळ तिनं सिद्धारामला गाठून सांगितलं होतं की मला हे लग्न नको. मला शिकवायचंय. तुम्ही नाही म्हणा, माझ्या अप्पांना मी सांगू शकत नाही. तो घाबरून बापाकडं गेला. नागप्पानं तिला बोलावून घेतलं. चिडला नाही. म्हणाला, मुलीनं मोडलं म्हटलं तर गाव तुला फाडून खाईल. माझ्यावर घेतो मी. पण तूच कधीतरी अप्पांना सांग, माझ्याकडून हा शब्द जाणार नाही.

म्हणून त्या दिवशी बैठकीत तो थांबला.

“आणि तुझी आई? ती तर या धसक्यानं...”

“आईला माहीत होतं, अप्पा. पहिल्यांदा तिलाच सांगितलं. ती म्हणाली, बरं केलंस. पण अप्पांना आत्ता सांगू नको, घर डोक्यावर घेतील.” मग खाली बघून म्हणाली, “ती गेल्यावर मला भीतीच वाटायला लागली. तुम्ही दुःखानं वेडे झाला होता. मला वाटलं, राग कुणावर तरी आहे तोवर तुम्ही उभे राहाल.”

हे लिहिताना खरं लिहितो. पहिला राग मला तिचाच आला. हात उगारला नाही एवढंच. नंतर शांतम्माचा आला. मेलेल्या माणसाचा. मग नागप्पाचा पुन्हा आला, आणि हा तर सगळ्यात जास्त, की त्यानं माझ्यावर उपकार केले आणि मला कळूही दिलं नाही. दिवसभर असा राग फिरत होता, घर शोधत. कुठंच बसेना.

५ ऑक्टोबर

डॉक्टरांकडं जाऊन सांगितलं. रेषा खोटी होती, मुद्दाम काढली होती, मोरी आणि झोपडीही त्यापायीच. त्यांनी ऐकून घेतलं आणि माझी नाडी बघितली.

“धक्का बसलाय तुम्हाला,” म्हणाले. “रेषा खोटी कशी? पाणी तिथंच आलं की. समितीनं तुमचा सत्कार ठरवलाय.”

“सत्कार करू नका.”

“आणि पुढची आखणी तुमच्याच नकाशावरून करायची. माळाच्या कडेनं नेऊ या वेळी.”

तीन वेळा सांगितलं. तीन वेळा हसले. खरं बोलायला गेलो तर नदीच माझ्या बाजूनं साक्ष देते.

९ ऑक्टोबर

हिरेगावला गेलो. पाणी उतरलंय, सगळीकडं गाळ. केराबाई कुणाच्या तरी वावरातला गाळ फावड्यानं ओढत होती. मला बघून पदर सारखा केला.

बांधावर बसून तिला सगळं सांगितलं. नागप्पा, लग्न, रेषा, दगड, झोपडी. तिनं मधे एकदाच विचारलं, “म्हंजे मामंजीला तितं बसिवलं ते दगडं राखायला न्हवं? त्या शेटवर नजर ठिवायला?”

“हो.”

“आन तितं पानी येतंय ह्ये तुमीच कागदावर लिवलं हुतं?”

“हो.”

ती फावड्याला टेकून उभी राहिली. मी म्हणालो, केराबाई, तू काय वाटेल ते कर, पोलिसात चल म्हणशील तर येतो.

“मी काय करू?” ती म्हणाली. “तुमाला शेटचा राग आला, तुमच्याकडं कागद हुता. माज्याकडं काय हाय? नदी हाय का माज्याकडं, तुमच्या अंगावर सोडायला?”

थोड्या वेळानं ती खाली बसली. आवाज बदलला होता.

“माजं मालक रस्तं तुटल्यालं म्हून उशिरा आलं. माती दिऊन झाली हुती. कुनीतरी त्यास्नी सांगितलं, म्हातारा पिऊन पडला आसंल, न्हायतर पळाला आसता की. त्यास्नी पटलं. बापाला शिव्या देत ग्येलं उजनीला. मी लई सांगितलं, मामंजी पीत न्हाय, त्येंचं काम हुतं म्हून हाललं न्हाईत. आयकलं न्हाय.” तिनं माझ्याकडं सरळ बघितलं. “त्यास्नी तुमी सांगा. मी न्हाय सांगनार. तुमी जाऊन सांगा.”

१८ नोव्हेंबर

महिनाभर जायचं टाळलं. आधी गुडघा, मग दिवाळी, मग उगाच. आज गेलो.

टेंभुर्णीपर्यंत एस.टी., तिथून मातीच्या ट्रकमधून धरणावर. एवढा मोठा बांध मी पाहिला नव्हता. मुंग्यांसारखी माणसं. महिपतीला शोधायला फार वेळ लागला. काळासावळा, उंच, बापासारखंच ताठ उभं राहणं. मुकादमानं हाक मारली तसा टिकाव ठेवून आला.

उभ्या उभ्याच सांगितलं. केराबाईला सांगितलं तसंच, काही न गाळता. तो माझ्याकडं बघत नव्हता, माझ्या चपलांकडं बघत होता. 

“म्हंजे त्यो प्याला नव्हता,” म्हणाला.

“नाही. मी तिथून हलू नको म्हणून सांगितलं होतं. म्हणून तो हलला नाही.”

महिपती मातीच्या ढिगावर बसला. दोन्ही हातांत डोकं धरलं. “मी त्येच्या मातीवर थुकलो सायेब,” म्हणाला. “लोकांदेखत थुकलो.”

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवायला वाकलो. तेव्हा तो उठला आणि माझ्या तोंडात मारली. पडलो मी. चष्मा गेला. माणसं धावत आली, दोघांनी त्याला मागून धरलं. “अरं म्हातारं मानूस हाय ते,” कुणीतरी ओरडलं.

“माजापन म्हाताराच हुता,” महिपती म्हणाला.

मी मातीत बसून वाट बघितली. दोन वर्षं कुणी नुसतं वाकडं बोललं तरी माझ्या छातीत जे पेटायचं ते पेटेल म्हणून. नाही पेटलं. गाल तेवढा दुखत होता. कुणीतरी चष्मा आणून दिला. मी म्हणालो, सोडा त्याला, त्यानं बरोबर केलं.

त्याला सोडलं. त्यानं मला उठायला हात दिला नाही. “जावा आता,” म्हणाला. “पुन्ना आमच्या म्होरं येऊ नगा.” टिकाव उचलला आणि चालू लागला. थोडं पुढं जाऊन थांबला, मागं न बघता विचारलं, “त्येला पुरला कुटं, म्हाईत हाय तुमास्नी?”

“हो. देवळामागं, माळाच्या उतारावर. पाणी येत नाही तिथं.”

“नीट बघितलंय न्हवं?”

“बघितलंय.”

मग तो गेला.

दिवेलागणीला घरी पोचलो. दाक्षायणीनं दार उघडलं आणि गालाकडं बघितलं. “पडलात का अप्पा?”

पडलो म्हणणार होतो. “मारलं,” म्हणालो. “धुळाप्पाच्या मुलानं.”

 तिनं आत जाऊन वाटीत हळद कालवून आणली, माझ्यासमोर बसली.

“लावू?”

“नको,” मी म्हणालो. “राहू दे तसाच.”